रीच ट्रकवर हात बसवायचा तर आधी खोकी मांडा

बसून चालवायच्या फोर्कलिफ्टवरून उभ्याने चालवायच्या रीच ट्रकवर (अरुंद गल्लीत फोर्क पुढे सरकवून माल उचलणारी गाडी) आलं की पहिल्या आठवड्यात मागचा कोपरा रॅकच्या खांबाला लागतोच. फोर्क, म्हणजे माल उचलणारी पाती, पुढे असली तरी वळणारं चाक मागे, आपल्या पायाखाली असतं, त्यामुळे मागची बाजू बाहेर फेकली जाते.

मोकळ्या जागेत रिकामी खोकी दोन ओळींत लावा, मधे गोदामातल्या गल्लीइतकंच अंतर. मग:

१. फोर्क पूर्ण आत, जमिनीपासून १०-१५ सेंमी वर.
२. पेडलवरचा पाय उचलून गाडी कशी थांबते ते दोन-चारदा बघा. बहुतेक मॉडेलांत पाय उचलला की ब्रेक लागतो. काहींत स्टिअरिंगही उलटं चालतं, तेही आत्ताच कळलेलं बरं.
३. कासवगतीने वळा. वळताना मागच्या कोपऱ्यावर नजर ठेवा. खोकं पडलं तर वळण चुकलं.

खोकी पडेनाशी झाली की रिकामं पॅलेट (माल ठेवायचा फळ्यांचा पाट), मगच माल. सुपरवायझर घाई करतील, करू द्यात.

आणि गाडी रॅककडे सरकतेय असं वाटलं तरी पाय बाहेर टेकवायचा नाही. गाडी आणि खांबाच्या मधे तोच चिरडतो.