पेट्रोल गाडीला एलपीजी किट बसवताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडेल: "गॅसवर टाकल्यापासून गाडीची वाट लागली." त्या गाडीचं बॉनेट उघडलं की गॅसचा संबंध बहुतेक वेळा शेवटी येतो. आधी दिसतात ते झिजलेले प्लग, प्लगला वीज नेणाऱ्या तडकलेल्या हायटेन्शन वायरी, निम्मा रिकामा रेडिएटर आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग). पेट्रोल हे सगळं पोटात घालतं. गॅस घालत नाही.

पंपावर मिळणारा ऑटो एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. टाकीत तो द्रवरूपात असतो आणि दाब साधारण पाच ते दहा बार. सीएनजीची गोष्ट निराळी. तो मिथेन असतो आणि २०० बारच्या आसपास दाबाने भरतात. त्यामुळे एकाचं सामान दुसऱ्याला चालत नाही. "मित्राच्या गाडीतला सीएनजीचा रेड्युसर (गॅसचा दाब कमी करून इंजिनाकडे सोडणारा भाग) पडून आहे, तोच लावू की" हा विचार तिथल्या तिथे सोडून द्या.

इंजिन आधी, किट नंतर

किटचे पैसे देण्याआधी गाडी पेट्रोलवरच पन्हाळ्याला नेऊन आणा. चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा. कोल्हापूरपासून पन्हाळ्यापर्यंत सुमारे ४०० मीटरची चढण आहे आणि तिचा बराचसा भाग शेवटच्या घाटात येतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मिसिंग मारली, म्हणजे मध्येच स्फोट चुकून झटके दिले, तापमानाचा काटा वर सरकला किंवा मागून निळा धूर आला, तर ती गाडी गॅससाठी तयार नाही. आधी इंजिनाचं काम करून घ्या.

मिसिंगचं कारण बहुतेक वेळा स्पार्कमध्ये सापडतं. गॅस-हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल (प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) किंवा वायर थोडी कमजोर असली तरी पेट्रोलवर गाडी रुटूखुटू चालत राहते. गॅसवर टाकली की चढाला झटके मारायला लागते. जुन्या गाडीची वायर तपासायची साधी पद्धत अशी. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून बॉनेट उघडायचं, हात लांब ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. निळ्या ठिणग्या बाहेर उड्या मारताना दिसल्या की वायरींचा सेट बदला. ही तपासणी गॅस बसवायच्या आधी करायची, नंतर नाही. नव्या गाड्यांत कॉइल थेट प्लगवर बसते, तिथे तिचं रबरी बूट तडकलंय का ते बघा. साध्या प्लगची गॅप पेट्रोलच्या मापापेक्षा थोडी कमी, साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. इरिडियम प्लगची गॅप मात्र पान्याने ठोकून कमी करू नका, त्याचं टोक तुटतं.

स्वस्तातलं किट

कार्ब्युरेटरच्या गाडीला मिक्सरवालं साधं किट चालतं. हवेच्या ओढीने गॅस खेचला जातो, बस्स. इंजेक्शनच्या गाडीला सिक्वेन्शियल किट लागतं: प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर आणि त्यांना चालवणारा वेगळा ईसीयू, म्हणजे छोटा संगणक. पैसे वाचवायला इंजेक्शनच्या गाडीवर मिक्सर लावून देणारे अजून भेटतात. अशा गाडीत इनटेक मॅनिफोल्डभर, म्हणजे सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांत, गॅस-हवा भरून राहते. एखादा प्लग चुकला आणि ज्योत मागे आली की बॅकफायर होतो, एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा फुटतो आणि एअरफ्लो सेन्सर असेल तर तोही जातो. "गॅसने भडका घेतला" म्हणून सांगतात ते बऱ्याच वेळा हेच असतं.

सिक्वेन्शियल किट बसवतानाची एक चूक बाहेरून कधीच दिसत नाही. गॅसचे नोझल बसवायला मॅनिफोल्डला भोकं पाडावी लागतात. घाईत असलेला फिटर मॅनिफोल्ड जागेवर ठेवूनच ड्रिल चालवतो. ॲल्युमिनियमचा कीस आत पडतो आणि गाडी चालू केली की तो थेट सिलिंडरमध्ये जातो. मॅनिफोल्ड खोलून, टेबलावर घेऊन भोकं पाडायची, आटे पाडायचे, हवा मारून साफ करायचं आणि नव्या गॅस्केटवर परत बसवायचं. यात अर्धा दिवस जातो. "दोन तासांत गाडी घेऊन जावा" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, "मॅनिफोल्ड खोलणार का?" उत्तर ऐकून पुढचं ठरवा.

नोझल व्हॉल्व्हच्या जितके जवळ तितकं बरं. इंजेक्टरपासून नोझलपर्यंतचे पाईप आखूड आणि सगळे सारख्याच लांबीचे हवेत. एक पाईप वीतभर आणि दुसरा हातभर असला की आयडलिंगला गाडी थरथरते, आणि मग महिनाभर लॅपटॉप लावून ट्युनिंग चालतं.

रेड्युसरवर बर्फ कोल्हापुरात?

हो, कोल्हापुरातसुद्धा. बाहेरच्या थंडीशी त्याचा फारसा संबंध नाही. द्रव एलपीजीचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो; प्रोपेन तर उणे ४२ अंशांनाच उकळतो. ही उष्णता रेड्युसरला मिळते इंजिनाच्या गरम कूलंटमधून, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यातून. कूलंट फिरला नाही तर मे महिन्यातही रेड्युसरच्या अंगावर पांढरा थर धरतो. मग अर्धवट द्रवच पुढे जातो आणि गाडी गुदमरून बंद पडते.

तपासायला यंत्र लागत नाही. गाडी पुरती गरम झाली की ती बंद करून रेड्युसरचे दोन्ही पाण्याचे पाईप जपून चाचपा. दोन्ही गरम असले पाहिजेत. एक गरम आणि एक गार असेल तर पाणी फिरत नाही: पाईप चुकीच्या जागी जोडलाय, दबलाय किंवा आत हवा अडकलीय. हवा अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रेड्युसर रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवलेला असणं. तो खालीच हवा. दोन्ही पाईप नीट असूनही कूलंट सारखा कमी होत असेल तर गॅसवाल्याला सोडा आणि हेडगॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) तपासा.

याच कारणाने सकाळची पहिली स्टार्ट कायम पेट्रोलवरच हवी. कूलंट साधारण ३५-४० अंशांवर गेला की चांगलं किट आपणहून गॅसवर जातं. पेट्रोल वाचवायचं म्हणून काही जण ही मर्यादा खाली आणून घेतात. वाचतं चमचाभर, आणि रेड्युसरचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) मात्र लवकर कडक होतो.

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणं

गॅसवर चालते म्हणून पेट्रोल शंभर रुपयांचंच, असा रिवाज पडलाय. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. बऱ्याच किटमध्ये गॅसवर असतानाही हा पंप फिरत राहतो. टाकी कोरडी पडली की पंप जळतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे पेट्रोलचे इंजेक्टरही चिकटणार नाहीत. कोकणात उतरणार असाल तर याला दुसरंही कारण आहे: वाटेत ऑटो एलपीजीचा पंप कुठे आहे ते आधी शोधून ठेवलेलं नसेल, तर गगनबावड्याच्या घाटात पावसात तुमचा भरवसा पेट्रोलवरच असतो.

दोष कुठला, हे स्विच सांगतो

डॅशबोर्डवरचा पेट्रोल-गॅस स्विच हे तुमच्याजवळचं सगळ्यात स्वस्त निदानयंत्र आहे. गाडी झटके मारायला लागली की पेट्रोलवर टाका. दोष तसाच राहिला तर किटला शिव्या देऊ नका, प्लग, कॉइल, सेन्सर बघा. दोष गेला तर आधी गॅसचा फिल्टर, मग रेड्युसर, मग इंजेक्टर. फिल्टर १५ ते २० हजार किलोमीटरला बदलायचा असतो, पण बिलात तो क्वचितच दिसतो. एलपीजीसोबत थोडा तेलकट, घाणेरड्या वासाचा गाळ येतो आणि रेड्युसरच्या तळाशी साठतो. पुष्कळ रेड्युसरना तो सोडायला खाली प्लग असतो. सर्व्हिसिंगला तो काढून घ्या, अर्थात टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आणि लाइनमधला गॅस संपवून.

तिसरी शक्यता गोंधळात टाकणारी आहे. गॅसचं ट्युनिंग चुकलेलं असेल तर गाडीचा मूळ ईसीयू ती चूक भरून काढायला शिकतो, आणि मग पेट्रोलवरही गाडी बिघडल्यासारखी चालते. चेक इंजिनचा दिवा लागतो, मिस्त्री ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतो. सेन्सर घ्यायच्या आधी स्कॅनरवर पेट्रोल आणि गॅस दोन्हींवरचा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघायला लावा. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर दुखणं ट्युनिंगचं आहे.

अ‍ॅव्हरेजचंही तसंच. एका लिटर एलपीजीत एका लिटर पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते, त्यामुळे लिटरमागे किलोमीटर कमीच मिळणार. पेट्रोलवर १६ देणारी गाडी गॅसवर १३ देत असेल तर ते ठीक आहे. हिशोब किलोमीटरमागच्या रुपयांत करा. १० वर आली असेल तेव्हा मिस्त्रीकडे जा.

टॅपेटचा आवाज बंद झाला?

खूश होऊ नका. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह सीट मऊ असते आणि गॅसवर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. तो रुतला की टॅपेटची फट कमी होते, म्हणून आवाज थांबतो. पुढे गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. फट मापून लावायची सोय असलेल्या इंजिनाचे टॅपेट फिल्टरसोबतच तपासून घ्या. आवाज करणारा टॅपेट कटकट करतो, पण गप्प झालेला खर्चात पाडतो.

टाकी, भरणं आणि घरगुती सिलिंडर

टाकी ८० टक्क्यांवर आपोआप भरायची थांबते. ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटर. उरलेली जागा द्रव गरम होऊन फुगण्यासाठी असते. कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर उभ्या गाडीला ती जागा लागतेच. टाकीवरच्या मल्टिव्हॉल्व्हमधली, भरणं थांबवणारी ही तरंगती कळ वाकवून "फुल्ल" भरून देणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याच्याकडे जाऊ नका.

घरगुती सिलिंडरमधून भरणाऱ्यांबद्दल मी नरमाईने लिहिणार नाही. घरगुती गॅस गाडीत वापरणं हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे, पण भीती कायद्यापेक्षा त्या खोलीची आहे. एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड. गळलेला गॅस वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारात आणि तळघरात साठतो. अशा बंद खोलीत विजेची मोटर लावून गॅस ओढायचा, म्हणजे ठिणगीची सोयही आपणच करून ठेवायची. वाचलेल्या पैशांचा हिशोब तिथे संपतो.

गाडीत वास आला तर इंजिन बंद करा, दारं-डिकी उघडा, टाकीवरच्या मल्टिव्हॉल्व्हचा हातव्हॉल्व्ह बंद करा आणि माणसं लांब न्या. दिवा, फॅन, मोबाईल काहीही गाडीपाशी चालू करायचं नाही. गळती शोधायला साबणाचं पाणी. काडी ओढून बघणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांच्या हातात गाडी देऊ नका.

कागद

गाडीत एलपीजी वापरायला रीतसर वाट २००१ च्या केंद्राच्या आदेशाने मिळाली. २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही किट बसवता येतं. मात्र किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं हवं, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलसाठी असून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोल्हापूरची, म्हणजे एमएच-०९ ची गाडी असेल तर ताराबाई पार्कातल्या ऑफिसात एक फेरी मारा आणि आरसीवर इंधन पेट्रोल/एलपीजी असं झाल्याची खात्री करून घ्या.

टाकीची चाचणी दर पाच वर्षांनी करायची असते आणि तिची तारीख टाकीवरच्या पट्टीवर ठोकलेली असते. सेकंडहँड गॅसची गाडी घेताना डिकीतला गालिचा उचला, टाकीचा नंबर कागदाशी जुळवा आणि मगच किमतीचं बोला.

विमा लोक विसरतात. पॉलिसीत बाय-फ्युएल किटची नोंद आयएमटी २५ या कलमाखाली होते. जुन्या टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये. एवढ्यासाठी नोंद टाळली तर अपघातानंतर सर्व्हेअरचा पहिला प्रश्न हाच असतो.