अल्झायमरच्या प्रथिनांवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की सोलापुरात एमएस्सीच्या पोरांची प्रोजेक्टसाठी पळापळ सुरू होते. निम्म्यांना अल्झायमरच हवा असतो. बऱ्याच चुका तर सीनियरच्या फाइलमधून जशाच्या तशा उतरतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पीडीबीवर (प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा ऑनलाइन साठा) ‘ॲमिलॉइड बीटा’ (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) टाकायचं, दिसेल ती रचना उचलायची आणि डॉकिंग (एखादा रेणू त्या रचनेत कसा बसेल याचा संगणकावरचा अंदाज) सुरू. पुष्कळदा हाती लागते ती १आयवायटी या क्रमांकाची रचना. एका व्हायव्हाला मी बसलो होतो. एका मुलीने शेवग्याच्या पाल्यातलं क्वेरसेटिन या रचनेवर डॉक केलेलं. निष्कर्ष ठोकून दिलेला: ‘प्लाक रोखतं’, म्हणजे मेंदूत साचणाऱ्या या पेप्टाइडच्या गुठळ्या रोखतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, “बाळ, हे पेप्टाइड कशात विरघळवलंय?”

“पाण्यात, सर.”

पाणी त्यात २० टक्के, उरलेलं ८० टक्के एचएफआयपी नावाचं सेंद्रिय द्रावक. त्या द्रावकात हे पेप्टाइड हेलिक्स (स्प्रिंगसारखी गुंडाळी) होऊन बसतं. प्लाकमध्ये असतात बीटा-शीटचे (सपाट पट्ट्यांचे) थर. म्हणजे ज्या रूपावर सगळा खटाटोप केला, ते प्लाकमध्ये नाहीच. “मग २बीईजी घेते,” ती म्हणाली. पीडीबीवरच्या त्या दुसऱ्या रचनेत १७ ते ४२ क्रमांकांची एवढीच अमिनो आम्लं आहेत. तांबं-जस्त धरणारी ६, १३ आणि १४ क्रमांकांची हिस्टिडिन ही अमिनो आम्लं त्यात नाहीतच, आणि पुढच्याच स्लाइडवर धातूंची गोष्ट! माणसाच्या मेंदूतून काढलेल्या धाग्यांच्या रचना २०२२ मध्ये आल्यात, ७क्यू४बी त्यातलीच. पण तिथेही सुरुवातीची ८ अमिनो आम्लं दिसत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी वहीत लिहायला लावतो: द्रावक कोणता, पीएच किती, कुठून कुठपर्यंतची अमिनो आम्लं. तोवर लॅपटॉप बंद. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसरी चूक स्ट्रिंग या प्रथिनांच्या परस्परसंबंधांच्या डेटाबेसमधल्या स्कोअरची. ०.९ आला म्हणजे दोन प्रथिनं घट्ट चिकटतात, असं बेधडक लिहितात. तो आकडा संबंध असण्याची खात्री किती, एवढंच सांगतो. बंध किती मजबूत, ते नाही. शिवाय त्यात टेक्स्ट मायनिंगही, म्हणजे शोधनिबंधांत दोन नावं एकत्र येणंही, धरलेलं असतं. एकाच लग्नपत्रिकेत दोघांची नावं छापली म्हणून ते सोयरे होत नाहीत. टेक्स्ट मायनिंगची खूण काढा, ‘फिजिकल’ (प्रत्यक्ष भौतिक संबंध) निवडा आणि प्रथिनं जोडणाऱ्या किती रेषा उरतात ते बघा. आणि यादी अल्झायमरच्या जनुकांची दिल्यावर हब (सर्वाधिक जोडण्यांचा बिंदू) म्हणून एपीपी (ज्या प्रथिनातून ॲमिलॉइड बीटा तुटून निघतं ते) निघाला, यात शोध कसला लावला?

टाऊ, म्हणजे अल्झायमरमधल्या दुसऱ्या मुख्य प्रथिनाचे, क्रमांक जपून. शोधनिबंधातलं सेरिन २०२ (२०२ क्रमांकाचं अमिनो आम्ल) हे ४४१ अमिनो आम्लांच्या टाऊमधलं असतं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधली मुख्य नोंद ७५८ची, तिथे तेच ५१९ होतं.

हळदीतलं करक्युमिन आणि थायोफ्लेविन-टी (ॲमिलॉइडच्या धाग्यांना चिकटल्यावर चमकणारा रंग) एकत्र वापरत असाल तर थांबा. करक्युमिन स्वतःच त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतं. चमक घटली की धागे कमी झाले असं वाटतं, प्रत्यक्षात हळदच मधे आलेली असते. पेप्टाइड नसलेला कंट्रोल लावाच, आणि धागे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय काही बोलू नका.

ॲमिलॉइड बीटा ४२ची कुपी एप्रिलच्या दुपारी बाकावर ठेवून चहाला जाणाऱ्यांना काय सांगावं? उष्णतेने ते आणखी भराभर गुठळ्या धरतं. छोटे भाग करून उणे ८० अंशांना ठेवा, एक भाग एकदाच वितळवा. आणि लाईट गेल्यावर फ्रीझर कशावर चालतो, हे पेप्टाइड मागवायच्या आधी लॅबमधल्या काकांना विचारा.