ब्राँकिओलायटिसचं बाळ व्हेंटिलेटरवर: उच्छ्वासाला वेळ द्या

पेठहून सावळघाटमार्गे नाशिकला आणलेलं ३ महिन्यांचं, ५ किलोचं बाळ. पोट उडतंय, बरगड्या ओढल्या जाताहेत, मध्येच श्वास थांबतोय. हाय फ्लो (नाकातून जोराचा ऑक्सिजनमिश्रित प्रवाह) किलोमागे मिनिटाला २ लिटर, मग सीपॅप (सतत दाबाने हवा) देऊनही ते थकत चाललं असेल, तर श्वासनलिकेत ट्यूब टाकायला सकाळची वाट बघू नका. आधी नाकातल्या नळीने पोटातली हवा आणि दूध काढून घ्या. हाय फ्लोवर पोट फुगलेलं असतंच. ट्यूब कफवाली, ३ नंबरची, ओठांपाशी साधारण १० सेंमी. जागेची खात्री एक्स-रेवर.

या आजारात बारीक श्वासनलिका सूज आणि चिकट स्रावाने अरुंद होतात. हवा आत शिरते, पण बाहेर पडायला वेळ घेते. म्हणून सुरुवात अशी: व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किलोला ६ मिली, म्हणजे ३० मिली, रेट मिनिटाला २० श्वास, श्वास आत घ्यायची वेळ ०.६ सेकंद, पीप (उच्छ्वासाच्या शेवटी फुफ्फुसात उरणारा दाब) ५, प्लॅटो दाब (श्वास आत भरून थांबल्यावरचा) ३० च्या खाली, दोन्ही सेंमी पाण्यात.

पहिल्या गॅसमध्ये (रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइड ७० दिसला की हात रेटकडे जातो. चूक तिथेच होते. रेट २० असताना उच्छ्वासाला २.४ सेकंद मिळतात. ४० केला की ०.९. हवा साचते, छाती फुगलेलीच राहते, कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि बीपी पडतं. रक्ताचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) ७.२० च्या वर असेल तर ७० चालवून घ्या. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेल्या बाळाला मात्र ही सूट नाही.

व्हेंटिलेटरवर फ्लोचा, म्हणजे हवेच्या प्रवाहाचा, आलेख बघा. उच्छ्वासाची रेघ शून्याला टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू होत असेल, तर हवा अडकतेय. बाळ गाढ झोपेच्या औषधावर असताना एक्स्पिरेटरी होल्ड (उच्छ्वासाच्या शेवटी श्वास थांबवणारं बटण) दाबा. पीप ५ च्या जागी ९ आलं, तर रेट १६ वर आणा.

बीपी आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) एकदम कोसळले तर सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) ट्यूबपासून सोडवा, छाती दोन्ही हातांनी हलकी दाबून हवा बाहेर जाऊ द्या. फरक नाही पडला तर ट्यूब सरकली का, चोंदली का, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साचणं) झाला का, हे लगेच बघा.

ट्यूब चोंदणं हे रोजचं दुखणं. ह्युमिडिफायर (हवा गरम-ओलसर करणारं यंत्र) ३७ अंशांवर ठेवा, सक्शनला ६ नंबरचा कॅथेटर, एका वेळी १० सेकंदांच्या आत. सर्किटला मोठ्यांचा फिल्टर लावू नका. ३० मिलीच्या श्वासातला बराचसा त्यातच अडकतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी पडली की सर्किटमध्ये पाणी जास्त साचतं. ते हललं की आलेख थरथरतो, मशीनला तो बाळाचा श्वास वाटतो आणि नको असलेले श्वास सुरू होतात. रेट आपोआप वाढलेला दिसला तर झोपेचं औषध वाढवण्याआधी नळीतलं पाणी बाळापासून दूर, वॉटर ट्रॅपकडे (पाणी साठवणाऱ्या बाटलीकडे) उतरवा.