ट्रॉल जाळ्याखालून गेलेला खेकडा कसा तपासावा

ट्रॉलच्या, म्हणजे समुद्रतळावरून ओढत नेलेल्या मोठ्या जाळ्याच्या, खोळीत (शेवटच्या पिशवीत) आलेले खेकडे मोजणे सोपे असते; परंतु जाळ्याखाली सापडून तळावरच राहिलेल्या खेकड्यांचे काय झाले, हे त्या मोजणीतून कळत नाही. अलास्कालगतच्या पूर्व बेरिंग समुद्रात किंग, स्नो आणि टॅनर या खेकड्यांसाठी वापरलेली पद्धत येथे उपयोगी पडते.

प्रथम जाळ्याचा कोणता भाग खेकड्याला भिडतो, ते ठरवावे. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या दोन बाजूंच्या फळ्यांपासून त्या तोंडापर्यंत जाणारे लांब दोर तळावर घासत जातात आणि चपटे मासे त्यांच्यापुढे हाकलले जाऊन तोंडाशी गोळा होतात. थंड पाण्यातला संथ खेकडा मात्र असा हाकलला जात नाही, दोर बहुधा त्याच्यावरूनच निघून जातो. (कोकण किनाऱ्यावरील तीन ठिपक्यांच्या खेकड्याचे मागचे पाय वल्ह्यासारखे असतात व तो चांगला पोहतो, त्याला हे वर्णन जसेच्या तसे लावू नये.)

दोरांच्या मागे एकदा व तोंडाच्या तळदोरामागे (खालच्या कडेच्या दोरामागे) एकदा असे लहान जाळे ओढून मार खाल्लेले खेकडे वर काढावेत. वर ओढण्यानेही इजा होतेच, म्हणून तसलेच जाळे मुख्य जाळ्याचा स्पर्श न झालेल्या तळावरही ओढून तुलना करावी. ही पायरी गाळली, तर पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात.

वर आलेल्या खेकड्याच्या सहा प्रतिक्षिप्त क्रिया लगेच पाहाव्यात: पाय फाकवणे, ओढलेला पाय आखडून घेणे, नांगी मिटणे, डोळे आत घेणे, तोंडाचे अवयव मिटणे आणि पोटाची झडप उचलताच झटका देणे. जितक्या क्रिया हरवलेल्या, तितकी मरणाची शक्यता अधिक. हा संबंध पक्का करण्यासाठी काही खेकडे थंड पाण्याच्या टाकीत काही दिवस ठेवून पाहावे लागतात. नुसत्या तुटलेल्या पायांवर विसंबू नये, कारण खेकडा पाय स्वतःहूनही टाकतो. जुन्या जखमेवर काळी खपली असते, ताज्या जखमेतून रक्त झिरपते. नुकतीच कात टाकलेल्या मऊ कवचाच्या खेकड्यांची नोंद वेगळी ठेवावी.

बेरिंग समुद्रातील चपट्या माशांच्या ट्रॉलवर दोरांना ठरावीक अंतरावर चकत्या बसवून ते तळापासून सुमारे 2.5 इंच उचलणे 2011 पासून बंधनकारक आहे. अशी सुधारणा तपासायची असेल, तर त्याच तळावर, त्याच वेगाने, चकत्यांसह आणि चकत्यांविना आलटून पालटून जाळे ओढावे.