एपीचा फॉर्म भरायच्या आधी

आमच्या न्यू जर्सीत जानेवारी संपत आला की शाळेच्या पोर्टलवर पुढच्या वर्षाचे कोर्स निवडायचा फॉर्म उघडतो. नेमकं तेव्हाच संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, त्यामुळे तिळगूळ हातावर पडायच्या आत प्रश्न येतो, 'तुमची किती एपी घेतेय?' एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या दर्जाचे विषय. त्यांच्या परीक्षेत चांगले गुण पडले तर कॉलेजात क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी मोजले जाणारे एकक, मिळू शकतात. थोरलीच्या वेळी आम्ही मोठ्या तोऱ्यात 'आठ' सांगायचो. धाकट्याचा आकडा चार आहे. तो सांगितला की समोरची बाई क्षणभर आमच्याकडे सहानुभूतीनं बघते.

आठावरून चारावर का आलो, ते सांगितल्याशिवाय पुढच्या यादीला अर्थ नाही. थोरलीला आठ परीक्षांचे मिळून ३४ क्रेडिट मिळाले. आम्ही खूश, पुण्याला आजीला फोनसुद्धा झाला की एक वर्ष वाचलं. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या पोर्टलवर त्या क्रेडिटांचा हिशेब आला, तेव्हा जवळजवळ निम्म्या ओळींपुढे एकच शब्द होता, 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या आराखड्यात तसल्या मोकळ्या इलेक्टिव्हना जागाच नव्हती. म्हणजे त्या ओळींचे क्रेडिट मिळाले, पण त्यांनी एकही सक्तीचा विषय सुटला नाही. वर्ष वाचलं नाहीच, एक सेमिस्टरही नाही.

म्हणून यादीतलं पहिलं काम शाळेच्या फॉर्मचं नाही, कॉलेजच्या तक्त्याचं. एपी १९५५ पासून कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते, १ ते ५ गुणही तीच देते, पण त्या गुणांचं काय करायचं हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. मूल ज्या पाचसहा कॉलेजांचा विचार करतंय त्यांच्या साइटवर एपीचा तक्ता असतो, तो छापून घ्या आणि प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी बघा. किती गुणांना क्रेडिट मिळतं? त्या क्रेडिटनं डिग्रीतला सक्तीचा विषय सुटतो, की ते नुसतं इलेक्टिव्ह म्हणून पडून राहतं? की क्रेडिट नाहीच, फक्त प्लेसमेंट आहे, म्हणजे पुढच्या वर्गात बसता येतं पण एकूण क्रेडिटांत भर पडत नाही? ही तिसरी गोष्ट आमच्या गावीही नव्हती.

तक्त्यांत फरक किती असावा! युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ३ गुणांनाही क्रेडिट देते. इलिनॉयमध्ये तर कायदाच आहे की सरकारी विद्यापीठांनी ३ ला क्रेडिट द्यायचं. आमच्या न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाला साधारण ४ किंवा ५ लागतात. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीला, म्हणजे एपी कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी या दोन प्रकारांतल्या वरच्याला, ५ असले तर पहिलं गणित सुटतं, पण केमिस्ट्रीच्या ५ ला काहीच मिळत नाही. डार्टमथनं २०१४ पासून क्रेडिट बंद करून फक्त प्लेसमेंट ठेवली. ब्राउन आणि कॅलटेक क्रेडिट देत नाहीत. मग अशा कॉलेजांसाठी एपी घेऊच नये का? घ्यावी. प्रवेश देणारे बघतात की शाळेत जे अवघड उपलब्ध होतं त्यातलं मुलानं काय उचललं. पण तेव्हा आपण एपी प्रवेशासाठी घेतोय, फी वाचवायला नाही, हे घरात एकदा स्पष्ट बोलून घ्यावं.

फीचं गणितही मांडून बघा. बऱ्याच कॉलेजांत सेमिस्टरला १२ ते १८ क्रेडिटांची फी एकच असते. तिथे एपीचे सहा क्रेडिट नेले म्हणून बिल एका डॉलरनं कमी होत नाही. पैसे खरे वाचतात ते पूर्ण सेमिस्टर आधी डिग्री संपली तर, किंवा क्रेडिटप्रमाणे फी असेल तर. अर्थात पहिल्या वर्षी वेळापत्रक थोडं हलकं होतं, दुसरा मेजर, म्हणजे आणखी एक मुख्य विषय, घ्यायला जागा होते, तो फायदा आहेच.

आता विषय. महाराष्ट्रात दहावीनंतर एकदाच सायन्स की कॉमर्स ठरवलं की पुढचं आपोआप ठरतं. इथे दर वर्षी, दर विषयाला फाटे फुटतात, आणि गणिताचा फाटा तर सातवी-आठवीतच फुटतो. आठवीत अल्जिब्रा वन झालं तर नववीत जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. त्याच्या आधी कॅल्क्युलस हवं असेल तर सातवीत अल्जिब्रा किंवा उन्हाळ्यात एखादा वर्ग, याशिवाय सहसा वाट नाही. नववीत मुलाला ढकलून काही होत नाही. एबी की बीसी? बीसीत एबीचा सगळा भाग येतो आणि एबीचा वेगळा गुणही मिळतो, म्हणून पाया पक्का असेल तर बीसी. पण एक अडचण थोरलीनं दाखवली. तिनं अकरावीत बीसीला ५ आणले, बारावीत स्टॅटिस्टिक्स घेतलं, म्हणजे वर्षभर इंटिग्रलला हात लावला नाही, आणि कॉलेजात प्लेसमेंटनं थेट कॅल्क थ्रीत जाऊन बसली. पहिल्या मिडटर्मनंतर रात्री अकराला फोन आला. बोलली काहीच नाही, नुसती नाक ओढत होती. सुटलेला विषय सोडायचाच असं कुठे लिहिलेलं नाही, हे आता धाकट्याच्या कागदावर वर लाल पेनानं लिहिलंय.

फिजिक्समध्ये नावं बघून फसू नका. फिजिक्स वन आणि टू अल्जिब्रावर चालतात, फिजिक्स सीचे मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी हे दोन्ही कॅल्क्युलसवर. इंजिनिअरिंगवाल्या कॉलेजांच्या तक्त्यात सहसा सीलाच किंमत असते. कॉम्प्युटरमध्ये तसंच, सायन्स ए म्हणजे जावातलं प्रोग्रॅमिंग, प्रिन्सिपल्स त्याहून सोपा आणि पसरट. इंग्लिश लँग्वेज मला सगळ्यांत फायद्याची वाटते, कारण कॉलेजातला पहिल्या वर्षाचा लेखनाचा वर्ग पुष्कळ ठिकाणी तिनं सुटतो, आणि आपली मुलं तीच शेवटी ठेवतात. यूएस हिस्ट्रीत भरपूर वाचन आणि कागदपत्रांवर आधारलेला तो प्रसिद्ध निबंध, तेव्हा अकरावीत तिच्या जोडीला आणखी काय आहे ते बघून घ्या. नववीतल्या मुलांना शाळा ह्यूमन जिऑग्रफी देतात. चव घ्यायला ठीक आहे, क्रेडिटच्या आशेनं नको.

भाषांच्या एपीत मराठी नाही, हिंदीही नाही. पण न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला परकीय भाषेचे पाच क्रेडिट लागतात आणि ते त्या भाषेतलं प्रावीण्य दाखवूनही भागवता येतात. रविवारी मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टला हे नववीतच, लेखी विचारावं. वेळापत्रकात एक तास मोकळा झाला तर तो सोन्याचा.

घरात डॉक्टरकीचं वेड असेल तर आणखी एक फोन करायचा. एपी बायॉलॉजी-केमिस्ट्रीचे क्रेडिट कॉलेज देईल, पण अनेक मेडिकल स्कूल प्रवेशासाठी ते धरत नाहीत, त्यांना तो विषय कॉलेजात बसून केलेला हवा असतो, निदान त्याच्या वरचा तरी.

एपीखेरीज दोन वाटा. शाळेत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा असेल तर ते सुटं सुटं घेण्याचं प्रकरण नव्हे, दोन वर्षांचा पूर्ण संसार आहे. सहा विषय, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलचे, ४,००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, थिअरी ऑफ नॉलेज, वर समाजसेवा आणि खेळ. गुण ४५ पैकी. क्रेडिट बहुतेक करून हायर लेव्हललाच मिळतं, तेव्हा कुठले तीन विषय हायर घ्यायचे हा खरा निर्णय.

दुसरी वाट ड्युअल एनरोलमेंटची, म्हणजे शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचा वर्ग. मे महिन्यातल्या एका सकाळवर सगळं टांगलेलं नसतं, सेमिस्टरभर अभ्यास केला की क्रेडिट हातात. राज्यातल्या सरकारी विद्यापीठात ते सहसा चालतं, खासगी कॉलेज नाक मुरडतं. यातला धोका कोणी आधी सांगत नाही. एपीला २ पडले तर तो गुण कॉलेजला कळवायची सक्ती नसते, पण इथला 'सी' हा कॉलेजचा ग्रेड असतो आणि कायमचा ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, बसतो. पुढे पंचविशीत मास्टर्सला अर्ज करतानाही तो ट्रान्सक्रिप्ट मागतात. ओळखीतल्या एका मुलानं सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर मजा म्हणून सायकॉलॉजी घेतली होती. ती मजा अजून फेडतोय.

मग किती घ्यायच्या? आम्ही धाकट्याला बसवून ग्राफपेपरवर त्याचा आठवडा रंगवायला लावला. शाळा, बस, क्रॉस कंट्री, शुक्रवारी तबला, रविवारी मराठी शाळा, आणि झोप आठ तास निळ्या रंगात, ती हलवायची नाही. उरलेल्या पांढऱ्या चौकोनांत प्रत्येक एपीला आठवड्याचे चार-पाच तास भरायचे. पाचव्या एपीला चौकोन उरले नाहीत. तो स्वतःच म्हणाला, 'बाबा, निळ्यातले दोन घेऊ का?' नाही म्हटल्यावर एन्व्हायर्नमेंटल सायन्स त्यानंच खोडलं. आमच्या भांडणाची वेळ आली नाही.

फॉर्मवर सही करण्यापूर्वी काउन्सेलरला विचारायचे प्रश्न थोडेच. पहिल्या पंधरवड्यात एपीतून ऑनर्सला, म्हणजे एक पायरी खालच्या वर्गाला, उतरता येतं का, आणि उतरल्यास ट्रान्सक्रिप्टवर काही उमटतं का. वेटेड जीपीएत, म्हणजे अवघड विषयांना जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीत, एपीला किती भर आहे. कोर्स घेतला की परीक्षा द्यावीच लागते का. आणि शाळेत नसलेली एपी बाहेरून अभ्यास करून देता येते, तिची परीक्षा आपली शाळा घेईल का.

कागदपत्रांत चूक झाली तर सरळ खिशाला चाट. सप्टेंबरात शिक्षकांनी दिलेला जॉइन कोड कॉलेज बोर्डाच्या माय एपी या साइटवर टाकायचा, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत परीक्षेची नोंदणी शाळेतल्या एपी को-ऑर्डिनेटरकडे झाली पाहिजे. परीक्षेला शंभर डॉलरच्या आसपास पडतात, उशीर झाला तर वर ४०, आणि नोंदणी करून परीक्षा दिली नाही तरी ४०. उत्पन्न कमी असेल तर फीत सवलत आहे, मागायला लाजू नये. मुलाला जादा वेळ किंवा इतर सोय लागत असेल तर शाळेचा ५०४ प्लॅन, म्हणजे अशा सोयींचा शाळेपुरता आराखडा, पुरत नाही, कॉलेज बोर्डाची वेगळी मंजुरी लागते आणि तिला आठवडे जातात. हे काम पहिल्या महिन्यातच हातावेगळं करा.

परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत. त्या पंधरवड्यात कोणाच्या मुंजीचं किंवा आत्याच्या साठीचं विमानाचं तिकीट काढू नका, आम्ही काढलं होतं. आता पुष्कळ परीक्षा कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर होतात, तेव्हा लॅपटॉपवर ते आदल्या आठवड्यात उघडून बघा. अभ्यासाला मार्चपासून जुने फ्री-रिस्पॉन्स, म्हणजे उत्तर लिहायचे, प्रश्न काढा, ते गुण देण्याच्या निकषांसकट कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट मिळतात. घड्याळ लावून सोडवायचे आणि स्वतःच निर्दयपणे तपासायचे. महागड्या क्लासहून हे जास्त उपयोगी पडलं.

गुण जुलैत येतात. दर वर्षी एका कॉलेजला रिपोर्ट फुकट जातो, त्याचं नाव २० जूनपर्यंत घालायचं. बारावीतल्या मुलांनी तर हे विसरूच नये, कारण तोवर कॉलेज ठरलेलं असतं आणि बारावीच्या गुणांचा उपयोग आता फक्त क्रेडिटपुरता. प्रवेशाच्या अर्जात गुण आपणच लिहायचे असतात, सहसा अकरावीपर्यंतचे, आणि कमी पडलेला गुण बहुतेक ठिकाणी लिहिला नाही तरी चालतो.

शेवटचं, लॅबची वही. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचं क्रेडिट देताना काही डिपार्टमेंट प्रयोगाची वही बघायला मागतात. थोरलीला केमिस्ट्रीची मागितली, आणि ती आम्ही जूनमध्ये गराज साफ करताना रिसायकलिंगच्या डब्यात घातली होती, मीच, माझ्या हातानं. धाकट्याची वही आता गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवलीय. वर्षातून एकदा तरी ते खोकं नक्की उघडतं.