शेततळ्यातले झिंगे, खेकडे आणि मासे: खाद्याच्या वाटणीत या चुका टाळा

सहा महिने रोज खाद्य टाकूनही निम्मे झिंगे बोटाएवढेच निघाले की पहिला संशय बियाण्यावर (सोडलेल्या पिल्लांवर) जातो, दुसरा खाद्यावर. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. खाद्य मात्र भलत्याच्याच पोटात गेलेलं असतं.

ओढ्यात किंवा जुन्या गावतळ्यात ही वाटणी आपोआप होते. मोठा झिंगा (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, किंवा गोदावरीतला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी) रात्री तळ धुंडाळतो. किडे, अळ्या, शंख, कुजका पाला, जे मिळेल ते खातो. पारदर्शक छोटा झिंगा (मॅक्रोब्रॅकियम लमारी) काठच्या पाणगवतात शेवाळ खरवडत राहतो. काळा खेकडा बांधातल्या बिळातून अंधारात बाहेर येऊन कुजलेल्या पाल्यावर आणि मेलेल्या जिवांवर पोट भरतो. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात ना चिखल, ना गवत, ना बीळ. मग सगळेच एका जागी, खाद्याच्या एकाच गोळीवर तुटून पडतात.

वरच्या मापावर बियाणं सोडणं

30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्याचं वरचं क्षेत्र 900 चौरस मीटर. पण उतार 1:1 असेल तर सपाट तळ उरतो 24 × 24, म्हणजे 576 चौरस मीटर. झिंगा तळावर राहणारा आहे, तेव्हा हिशेब तळाचाच धरा. माशांसोबत पाळताना चौरस मीटरला 2 पिल्लं पुरे, म्हणजे सुमारे 1,150. त्यातही नर्सरीत वाढवलेली 1–2 ग्रॅमची पिल्लं घ्या. आपल्याकडे पाणी जुलै-ऑगस्टमध्ये येतं आणि डिसेंबरात गारठा सुरू होतो, त्यामुळे अगदी बारीक बियाण्याला वाढायला दिवसच पुरत नाहीत.

तळाला चरणारा मासा सोबत सोडणं

मृगळ आणि सायप्रनस (कॉमन कार्प) दोघेही तळ उकरतात. झिंगा गोळी पायांत धरून कुरतडत हळूहळू खातो, तर हे मासे त्याच्या आधीच ती गिळून मोकळे होतात. कटला आणि चंदेरी (सिल्व्हर कार्प) वरच्या थरात खातात, ते चालतात. रोहू थोडा ठेवा. माशांना तरंगतं खाद्य एका कोपऱ्यात आधी द्या, आणि अर्ध्या तासाने बुडणारं खाद्य झिंग्यांसाठी दुसरीकडे. तरंगत्या खाद्यावर झिंगे पोसण्याचा प्रयत्न म्हणजे शुद्ध पैसा वाया.

सकाळी, एकाच जागी, अंदाजाने खाद्य

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. नरांमध्ये उतरंड असते: निळ्या लांब नांग्यांचा दादा, मग नारिंगी नांगीचा, आणि तळाशी दबून राहिलेला छोटा नर. खाद्याचा ढीग एका जागी पडला की दादा तिथे ठाण मांडतो, छोटे जवळही फिरकत नाहीत. म्हणून खाद्य तळभर विखरा. दिवसाच्या खाद्यातले दोन भाग सूर्यास्तानंतर, एक भाग सकाळी.

प्रमाण असं काढा: 1,150 पैकी 80 टक्के जगले तर 920, सरासरी वजन 10 ग्रॅम असेल तर एकूण 9.2 किलो, त्याच्या 4 टक्के म्हणजे रोज सुमारे 370 ग्रॅम. वजन वाढेल तशी टक्केवारी 2–3 वर आणा. गोळी पाण्यात किमान दोन तास अखंड राहायला हवी. आधी वाटीभर पाण्यात टाकून पाहा.

चार कोपऱ्यांत दोरीने चार ताटल्या सोडा, प्रत्येकीत 10 ग्रॅम खाद्य, आणि दोन तासांनी वर काढा. चारही चाटून पुसून रिकाम्या असतील तर दुसऱ्या दिवशी खाद्य दहा टक्के वाढवा. चौथा हिस्सा उरला तर दहा टक्केच कमी करा. एकच ताटली भरलेली राहत असेल तर त्या बाजूचा तळ तपासा, तिथे बहुधा सडलेला गाळ साचलेला असतो.

चार-साडेचार महिन्यांनंतर दर पंधरा-वीस दिवसांनी जाळं फिरवून निळ्या नांगीचे मोठे नर काढून विका. दादा हटला की दबलेले नर वाढीला लागतात.

लपायला जागा न देणं

कवच टाकल्यावर झिंगा मऊ पडतो, आणि भुकेला शेजारी त्यालाच खातो. तळाच्या चौथ्या हिश्श्यावर तरी आडोसा हवा: पीव्हीसी पाइपचे तुकडे (कडा घासून घ्या), उभी टांगलेली जुनी शेडनेट. बाभळीच्या फांद्या टाकायचा मोह आवरा. काट्यांनी अस्तर फाटतं. शेडनेटवर शेवाळ धरतं, तेही खाद्यच, शिवाय झिंग्यांना तळ सोडून पसरायला जागा मिळते.

पाहुणे आत येऊ देणं

कालव्याचं किंवा नदीचं पाणी बारीक जाळीतून गाळूनच घ्या. लमारी गोड्या पाण्यातच वंश वाढवतो आणि भराभर वाढतो. मोठ्या झिंग्याच्या अळ्यांना मात्र खारट पाणी लागतं, त्यामुळे शेततळ्यात त्याची पिल्लं होत नाहीत. जेमतेम 4–5 सेंटीमीटरच्या झिंग्याच्या पोटाखाली अंडी दिसली तर तो तुमचा खुरटलेला माल नाही, लमारी आहे. खेकडे रोखायला पहिल्या पावसाआधीच काठाभोवती दोन फूट उंच गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी लावा. आत शिरलेले मातीच्या मडक्यात सुकी मासळी ठेवून रात्री पकडा.

लक्षणाचं चुकीचं निदान

पहाटे झिंगे काठाला गोळा झाले तर त्यांना भूक लागलेली नसते, प्राणवायू कमी पडलेला असतो. खाद्य थांबवा, पंप चालवून पाणी उडवा. तीन मीटर खोल तळाशी हे लवकर होतं, त्यामुळे पाणी दीड मीटरच्या आसपास ठेवणं बरं. मिशा आणि नांग्या तुटलेल्या असतील तर दाटी किंवा खाद्यावरची मारामारी. कवचावर हिरवट थर चढला असेल तर बरेच दिवस कवच टाकलेलं नाही: एकतर खाद्य कमी, नाहीतर बोअरचं पाणी फार जड.

परभणीकडे थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली जातो. पाणी 20 अंशांखाली आलं की झिंगे खाणं कमी करतात. तेव्हा ताटली बघूनच खाद्य निम्मं करा, आणि विकण्याजोगा माल त्याआधीच काढून घ्या.