गोगलगाय नको, आधी अंडी शोधा

समुद्री गोगलगाय म्हटलं की डोळ्यांसमोर रंगीबेरंगी फोटो येतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बेला मी पहिले तीन रविवार रंगच शोधत फिरलो आणि बोटं बधिर करून घरी आलो. इथली बिनशंखी, बार्नेकलखाऊ गोगलगाय, ओंकिडोरिस बायलॅमेलाटा, मळकट तपकिरी-पांढरी असते. (बार्नेकल म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारे छोटे कवचवाले जीव.) लांबी बहुतेक वेळा दोन सेंटिमीटर, फार तर चार. पाण्याबाहेर ती खडकावर कुणी थुंकल्यासारखी दिसते.

जायचं जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा समुद्र ५-६ अंशांवर असतो, पण अंडी घालायचा हंगाम हाच. वर्षभराचं आयुष्य, अंडी घालून झाली की मोठ्या मरतात, आणि उन्हाळ्यात सापडलीच तर तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं.

भरती-ओहोटीचा तक्ता बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा, आपल्याकडे उधाणाचे म्हणतो ते. या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी साधारण सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान लागते, त्यामुळे हिवाळ्यातही उजेड मिळतो. पाणी तळाला जाण्याच्या तासभर आधी पोचा आणि उतरत्या पाण्यामागून खाली सरका.

मी जातो सेंट मेरीज बेटाच्या आसपासच्या धोंड्यांवर. ज्यावर अनवाणी चाललं तर पाय सोलून निघेल असे पांढरट खडबडीत बार्नेकल असलेला धोंडा निवडा, तोही अगदी खालच्या पट्ट्यातला. वरून बघू नका. कडा आणि सावलीची बाजू बघा, जिथे थोडा गाळ साचलेला असतो. हलेल एवढाच दगड दोन्ही हातांनी उचला आणि आधी शोधा पांढरी फीत: कडेवर उभी चिकटलेली, जिलबीसारखी वळणं घेतलेली, दह्याच्या रंगाची. तीच अंडी. फीत दिसली की वीतभर अंतरात गोगलगाय असण्याची शक्यता दाट, आणि बहुधा एकटी नाही. या घोळक्याने राहतात. रिकामी बार्नेकल ही खूण मात्र कच्ची. ती कामगिरी डॉगव्हेल्क नावाच्या जाड शंखवाल्याचीही असू शकते.

आता ओळख पटवा. सोबत पारदर्शक डबा ठेवा, त्यात तिथलंच समुद्राचं पाणी. गोगलगाय बोटाने हलकेच सोडवून डब्यात ठेवा आणि दोन मिनिटं काहीही करू नका. हा भाग मला कधी जुना होत नाही. आधी नुसता गोळा. मग पुढून दोन शिंगं वर येतात, आणि पाठीमागे, बोथट पुटकुळ्यांच्या मधोमध, घोड्याच्या नालासारखी कल्ल्यांची दुहेरी ओळ पिसांसारखी फुलते. बोट लावलंत तर कल्ले आखडतील, पण एका खिशात गुडूप होणार नाहीत. ते झाले, तर तुमच्या हातात दुसरीच जात आहे. बहुतेक सी लेमन, आणि ती स्पंज खाते.

हिचं खाणं म्हणजे जिवंत बार्नेकल. तोंडातल्या कानशीसारख्या जिभेने खरवडायचं आणि घशातल्या पंपाने आतला मऊ जीव ओढून घ्यायचा. पाण्यात तरंगणारी तिची पिल्लंसुद्धा जिवंत बार्नेकलची चाहूल लागल्याशिवाय रूप पालटून तळाला बसत नाहीत. देवगडला आईला व्हिडिओवर डबा दाखवला, तेव्हा जन्मभर कालवं काढलेल्या तिने एवढंच विचारलं, "ह्यां खातत काय नुसताच बघतत?"

नुसतंच बघतात, आणि फार जुन्या काळापासून. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने हिला १७६७ मध्ये नाव दिलं. पुढे इथल्याच, न्यूकॅसलच्या टाइन नदीकाठच्या आल्डर आणि हॅनकॉक या दोघा अभ्यासकांनी ब्रिटनच्या बिनशंखी गोगलगाईंवर मोठा ग्रंथ केला. १८६४ मध्ये त्यांनी वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतात जमवलेल्या गोगलगाईंवरही लिहिलं. माझ्या आधी त्यांनी दोन्ही किनारे जोडले होते तर!

बघून झालं की गोगलगाय त्याच दगडावर आणि दगड त्याच बाजूने ठेवा. उलटा राहिला तर खालची अंडी वाऱ्याने सुकतात. सील दिसले तर वाट बदला. बेटावर गेला असाल तर रस्त्याच्या तोंडाशी लावलेली वेळ आधीच वाचा, कारण भरतीला तो रस्ता पाण्याखाली जातो. मी मोबाइलवर गजर लावतो, पाणी फिरल्यानंतर अर्ध्या तासाचा, आणि तो वाजला की डब्यात काहीही असो, उठतो.